घरची भाषा म्हणजे नेमकी कोणती?

पडद्यावरून मुलांना शिकवायचे तर ते घरच्या भाषेत आणि ‘आपल्या’ संस्कृतीतले असावे, असे म्हटले जाते. ऑगस्ट १९७५पासून वर्षभर देशातल्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणी पोचली. सकाळची वेळ शाळकरी मुलांसाठी होती. सोलापूरशेजारच्या विजापूर, गुलबर्गा जिल्ह्यांत तो प्रयोग झाला. सोलापूर सीमेअलीकडेच राहिले. पुढे गाण्यांखाली त्याच भाषेतल्या ओळी दाखवण्याचे प्रयोग झाले आणि उच्चारासरशी पडद्यावरचा शब्द रंगत जाणाऱ्या ॲनिमेशन गोष्टी आल्या.

सोलापुरात पडद्यावरच्या शिक्षणाला वेग आला तो डिजिटल शाळांच्या लाटेत. लोकवर्गणीतून टीव्ही, टॅब आले. माढा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता, गोष्टी, व्हिडिओ दिले गेले. मुलांच्या घरात कन्नड असल्याने पुस्तकेही त्या भाषेत नेली गेली. या कामाला २०२०मध्ये जागतिक पुरस्कार मिळाला. पुरस्काराची चर्चा क्यूआर कोडभोवतीच फिरली, कन्नड मागे पडली. माझ्या मते मोलाची गोष्ट तीच होती.

त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने निदान पाचवीपर्यंत, शक्य तेथे, शिक्षणाचे माध्यम काय असावे हे सांगताना घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा, प्रादेशिक भाषा हे चार शब्द तिरप्या रेघांनी जोडून एका ओळीत बसवले. पुण्यात हे चारही बहुधा एकाच भाषेवर येऊन थांबतात. सोलापुरात तसे होत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या विणकराच्या घरी तेलुगू बोलतात, तीही मराठी शब्द मिसळलेली. गल्लीत मराठी, शेजारी दखनी उर्दू. अक्कलकोटकडे चुलीपाशी कन्नड, बंजारा तांड्यावर गोरबोली. यातले ‘आपले’ कोणते, ते त्या चार शब्दांतून ठरत नाही.

मग सांस्कृतिक जवळीक चित्रांतच शोधली जाते: बैलगाडी, नऊवारीतली आजी, कौलारू घर. ज्या मुलाची आई विड्या वळते आणि वडील यंत्रमागावर असतात, त्याला ते घर परकेच. सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, तिच्यातले नंदीध्वज, मागाचा खडखडाट दाखवला तर चित्र त्याचे होते. वाचनासाठी शब्दही ओळखीचा लागतो. त्यात आवाज ‘केलं’ म्हणतो आणि खाली ‘केले’ रंगत जाते. मराठी घरातले मूल हा फरक सहज झेलते. तेलुगू घरातल्या पहिलीच्या मुलीला एका क्रियापदासाठी दोन नवी रूपे शिकावी लागतात, आणि तोवर पुढचा शब्द रंगू लागलेला असतो.