अमेरिकी राष्ट्राध्यक्षांना फौजदारी संरक्षण मिळाले कसे?

१ जुलै २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ट्रम्प विरुद्ध अमेरिका’ या प्रकरणात सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने निकाल दिला. पदावर असताना अधिकृतपणे केलेल्या कृतींबद्दल माजी राष्ट्राध्यक्षावर फौजदारी खटला भरण्यास या निकालाने मोठे अडथळे उभे केले. अमेरिकेला पहिला राष्ट्राध्यक्ष लाभल्यापासून दोनशे पस्तीस वर्षांत असे संरक्षण कोणत्याही न्यायालयाने मान्य केलेले नव्हते. निकालावर तेव्हा उसळलेला संताप अजून ओसरलेला नाही. १४ जून आणि १८ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘नो किंग्ज’, म्हणजे ‘राजे नकोत’, या घोषणेखाली शेकडो शहरांत जे मोर्चे निघाले, त्यांच्या मुळाशी इतर अनेक कारणांबरोबर हीही खंत होती की, सर्वोच्च पदावरील व्यक्तीला जाब विचारण्याची जागाच देशात उरलेली नाही. ही खंत अतिरंजित म्हणून सोडून देता येत नाही. गेल्या पन्नास वर्षांत राष्ट्राध्यक्षाच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न ज्या ज्या संस्थेपुढे आला, तिने तो दुसऱ्या संस्थेकडे टोलवला आणि या टोलवाटोलवीतूनच आजचे संरक्षण आकाराला आले.

मूळ राज्यघटनेत या संरक्षणाचा उल्लेख नाही. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात राज्यघटनेचा मसुदा तयार झाला तेव्हा कायदेमंडळाच्या सदस्यांना सभागृहातील भाषणासाठी आणि चर्चेसाठी संरक्षण देणारे कलम त्यात आवर्जून घालण्यात आले. राष्ट्राध्यक्षासाठी तसे काहीही लिहिले गेले नाही. उलट महाभियोगासंबंधीच्या कलमात असे म्हटले आहे की, सिनेटने दोषी ठरवलेल्या व्यक्तीला पदावरून दूर करता येईल आणि पुढील पदांसाठी अपात्र ठरवता येईल, मात्र त्यानंतरही तिच्यावर कायद्याप्रमाणे आरोप ठेवून खटला चालवता येईल व तिला शिक्षा देता येईल. १७८८ मध्ये राज्यघटनेच्या बाजूने लिहिताना अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी हा मुद्दा आणखी स्पष्ट केला. इंग्लंडच्या राजाची व्यक्ती पवित्र आणि अस्पर्श्य मानली जाते, तर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष पदावरून दूर झाल्यावर सामान्य कायद्याने खटल्यास आणि शिक्षेस पात्र राहील, असे त्यांनी नव्या व्यवस्थेवर साशंक असलेल्या वाचकांना सांगितले. ज्या राजाविरुद्ध बंड करून हा देश जन्माला आला, त्याच्यासारखे पद आपण पुन्हा निर्माण करत नाही, हे पटवून देण्यासाठी दिलेली ती हमी होती.

पुढची जवळजवळ पावणेदोनशे वर्षे या हमीची फारशी कसोटी लागली नाही. १८०७ मध्ये माजी उपराष्ट्राध्यक्ष एरन बर यांच्यावरील देशद्रोहाच्या खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या नावे कागदपत्रे मागवणारे समन्स काढले होते आणि राष्ट्राध्यक्ष हा राजा नव्हे, हे तत्त्व त्या वेळीही मांडले गेले होते. खरी कसोटी लागली ती रिचर्ड निक्सन यांच्या काळात.

जून १९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉटरगेट संकुलातील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेली माणसे पकडली गेली आणि पुढील दोन वर्षांत तपासाचा धागा थेट व्हाइट हाउसपर्यंत पोहोचला. २४ सप्टेंबर १९७३ रोजी न्याय खात्याच्या विधी सल्ला विभागाने एक टिपण तयार केले. राष्ट्राध्यक्ष पदावर असेपर्यंत त्याच्यावर फौजदारी आरोप ठेवता येणार नाही, कारण त्यामुळे सरकारचे कामकाजच ठप्प होईल, असा निष्कर्ष त्यात होता. हा कोणत्याही न्यायालयाचा निकाल नव्हता किंवा संसदेने केलेला कायदाही नव्हता; राष्ट्राध्यक्षाच्याच अखत्यारीतील एका खात्याचे ते मत होते. तरीही १६ ऑक्टोबर २००० रोजी त्याच खात्याने ते पुन्हा उचलून धरले आणि २०१९ मध्ये २०१६ च्या निवडणुकीतील रशियन हस्तक्षेपाच्या तपासासाठी नेमलेले विशेष वकील रॉबर्ट म्यूलर यांनी याच टिपणाचा आधार घेत ट्रम्प यांच्यावर आरोप ठेवण्याचा पर्याय आपल्यापुढे नव्हता असे सांगितले. घटनेत नसलेली एक मर्यादा केवळ सवयीने किती बळकट होऊ शकते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला दिसत नाही.

निक्सन प्रकरणात न्यायसंस्था मात्र ठाम उभी राहिली. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी व्हाइट हाउसमधील संभाषणाच्या ध्वनिफिती सरकारी वकिलांच्या हवाली करण्याचा आदेश दिला. मुख्य न्यायमूर्ती वॉरन बर्गर यांच्यासह त्या आठांतील तीन न्यायमूर्तींची नेमणूक स्वतः निक्सन यांनी केली होती, हे येथे लक्षात घ्यावे. ९ ऑगस्टला निक्सन यांनी राजीनामा दिला आणि ८ सप्टेंबरला नवे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यांच्या संपूर्ण कार्यकाळातील संभाव्य गुन्ह्यांबद्दल त्यांना पूर्ण माफी दिली. फोर्ड यांना ही माफी राजकीयदृष्ट्या फार महागात पडली. ती देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही एक गोष्ट गृहीत धरली होती, ती अशी की माजी राष्ट्राध्यक्षावर खटला होऊ शकतो. तसा तो होणारच नसता तर माफीची गरजच नव्हती. १९७७ मध्ये ब्रिटिश पत्रकार डेव्हिड फ्रॉस्ट यांना दिलेल्या दूरचित्रवाणी मुलाखतीत निक्सन म्हणाले की, राष्ट्राध्यक्ष एखादी गोष्ट करतो तेव्हा ती बेकायदा नसतेच. त्या काळी हे विधान पदच्युत माणसाच्या अहंकाराचा नमुना मानले गेले.

संरक्षणाच्या दिशेने न्यायालयाने पहिले मोठे पाऊल टाकले तेही निक्सन यांच्याच एका प्रकरणात, मात्र ते दिवाणी होते. हवाई दलातील खर्चाचे विश्लेषक अर्नेस्ट फिट्झगेराल्ड यांनी १९६८ मध्ये संसदीय समितीपुढे सी-५ए या मालवाहू विमानाचा खर्च सुमारे दोन अब्ज डॉलरने वाढल्याची साक्ष दिली आणि पुढे त्यांची नोकरी गेली. त्यांनी नुकसानभरपाईसाठी निक्सन यांच्यावर दावा लावला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, अधिकृत कर्तव्यांच्या ‘बाह्य परिघा’पर्यंतच्या कोणत्याही कृतीसाठी राष्ट्राध्यक्षावर भरपाईचा दावा चालणार नाही. खरे बोलल्याची किंमत मोजलेल्या एका कर्मचाऱ्याच्या दाव्यातून ही संकल्पना जन्मली, हे मला आजही अस्वस्थ करते. तरीही तो निकाल पैशाच्या दाव्यांपुरताच होता, आणि फौजदारी खटल्यांत गुंतलेले जनहित अधिक मोठे असते, असे त्या निकालपत्रानेच सूचित केले होते. १९ जानेवारी २००१ रोजी, पद सोडण्याच्या आदल्या दिवशी, बिल क्लिंटन यांनी शपथेवरील दिशाभूल करणाऱ्या साक्षीच्या प्रकरणात त्यांची चौकशी करणाऱ्या ‘स्वतंत्र वकिलां’शी तडजोड केली आणि वकिलीच्या परवान्याचे पाच वर्षांचे निलंबन व २५,००० डॉलरचा दंड मान्य केला, तोही खटला टाळण्यासाठीच. म्हणजे एकविसावे शतक उजाडेपर्यंत खुद्द राष्ट्राध्यक्षसुद्धा पायउतार झाल्यावर आपण न्यायालयाच्या कक्षेत येतो असेच मानत होते.

६ जानेवारी २०२१ रोजी, निवडणुकीचा निकाल प्रमाणित होत असताना, ट्रम्प समर्थकांच्या जमावाने कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीवर, हल्ला केला. १३ जानेवारीला प्रतिनिधीगृहाने २३२ विरुद्ध १९७ मतांनी ट्रम्प यांच्यावर दुसऱ्यांदा महाभियोग दाखल केला; १३ फेब्रुवारीला सिनेटमध्ये ५७ सदस्यांनी दोषी आणि ४३ सदस्यांनी निर्दोष असे मत दिले, आणि दोनतृतीयांश बहुमताअभावी ते सुटले. निर्दोष म्हणून मत दिलेल्यांत रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल होते. मतदानानंतर लगेच केलेल्या भाषणात त्यांनी हल्ल्याची व्यावहारिक आणि नैतिक जबाबदारी ट्रम्प यांच्यावर टाकली आणि सांगितले की, देशात फौजदारी न्यायव्यवस्था आहे, दिवाणी दावे आहेत, आणि माजी राष्ट्राध्यक्ष या दोहोंपासून मुक्त नसतात. ट्रम्प यांच्या वकिलांनीही सिनेटमध्ये हाच सूर लावला होता: गुन्हा घडला असेल तर न्यायालयात जा, येथे नको.

१ ऑगस्ट २०२३ रोजी विशेष वकील जॅक स्मिथ यांनी निवडणुकीचा निकाल उलटवण्याच्या प्रयत्नांबद्दल ट्रम्प यांच्याविरुद्ध चार आरोपांचे आरोपपत्र दाखल केले तेव्हा युक्तिवाद नेमका उलटा फिरला. ९ जानेवारी २०२४ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात न्यायमूर्ती फ्लॉरेन्स पॅन यांनी विचारले की, राष्ट्राध्यक्षाने नौदलाच्या विशेष तुकडीला राजकीय प्रतिस्पर्ध्याची हत्या करण्याचा आदेश दिला तर त्याच्यावर खटला भरता येईल का. ट्रम्प यांचे वकील जॉन सॉअर यांच्या उत्तराचा आशय असा होता की, आधी महाभियोगात तो दोषी ठरला पाहिजे. सिनेटने न्यायालयाकडे बोट दाखवले होते आणि आता न्यायालयात सिनेटकडे बोट दाखवले जात होते. जिल्हा न्यायाधीश तान्या चुटकन यांनी १ डिसेंबर २०२३ रोजीच ट्रम्प यांचा संरक्षणाचा दावा फेटाळताना लिहिले होते की, हे पद म्हणजे तुरुंगातून सुटण्याचा आजन्म परवाना नव्हे. अपील न्यायालयाच्या तिन्ही न्यायमूर्तींनी ६ फेब्रुवारी २०२४ रोजी एकमताने तीच भूमिका घेतली.

सर्वोच्च न्यायालयाने ती उलटवली. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या निकालपत्राने राष्ट्राध्यक्षाच्या कृतींचे तीन वर्ग केले. घटनेने केवळ त्याच्याकडेच सोपवलेल्या अधिकारांबाबत, उदाहरणार्थ माफी देणे किंवा मंत्र्यांना काढून टाकणे, संपूर्ण संरक्षण. बाकीच्या अधिकृत कृतींबाबत निदान गृहीत धरलेले संरक्षण, जे सरकारी पक्षाला सबळ कारणे देऊन खोडता येईल. आणि खासगी कृतींबाबत काहीच संरक्षण नाही. वरवर पाहता ही विभागणी समतोल भासते, पण तिच्यासोबत जोडलेल्या अटी फार कठोर आहेत. कृती अधिकृत की खासगी हे ठरवताना न्यायालयाने राष्ट्राध्यक्षाचा हेतू तपासायचा नाही. न्याय खात्यातील अधिकाऱ्यांशी त्याने केलेली बोलणी संपूर्ण संरक्षित आहेत, मग ती खोट्या चौकशीच्या बहाण्याने राज्यांवर दबाव आणण्यासाठी केलेली असली तरीही. शिवाय संरक्षित कृतींचा पुरावा खासगी गुन्ह्याच्या खटल्यातही ज्यूरीपुढे ठेवता येणार नाही. हा शेवटचा भाग बहुमतातील न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनाही पटला नाही. लाच घेऊन नेमणूक केल्याच्या खटल्यात नेमणुकीचाच उल्लेख टाळला तर ज्यूरीला आरोप समजणार कसा, असा त्यांचा रोख होता. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात लिहिले की, अधिकार वापरताना राष्ट्राध्यक्ष आता कायद्याच्या वर असलेला राजा झाला आहे, आणि शेवटी, आपल्या लोकशाहीबद्दल वाटणाऱ्या भीतीने आपण असहमती नोंदवत आहोत, असे म्हटले.

बहुमताची चिंता मुळातच निराधार होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. प्रत्येक नवा राष्ट्राध्यक्ष आधीच्याला तुरुंगात धाडू लागला तर निर्णय घेताना प्रत्येकाचा हात थरथरेल, हा युक्तिवाद गंभीर आहे. मात्र असे सूडचक्र दोनशेहून अधिक वर्षांत अमेरिकेत घडले नव्हते, आणि प्रत्यक्ष डोळ्यांसमोर असलेल्या गुन्ह्याच्या आरोपापेक्षा भविष्यातील काल्पनिक भीतीला अधिक वजन दिले गेले, असे माझे मत आहे. भारतीय राज्यघटनेच्या कलम ३६१ नुसार राष्ट्रपती आणि राज्यपाल यांना मिळणारे फौजदारी संरक्षण पदाच्या मुदतीपुरते आहे आणि प्रत्यक्ष सत्ता चालवणाऱ्या पंतप्रधानांना तेही नाही. ऑगस्ट १९७५ मध्ये, आणीबाणीच्या दिवसांत, राज्यसभेने एकेचाळिसावे घटनादुरुस्ती विधेयक मंजूर करून पंतप्रधानांसह या पदांना आजन्म फौजदारी संरक्षण देण्याचा घाट घातला होता; लोकसभेत ते मंजूर झाले नाही. अनिर्बंध सत्तेच्या काळात सत्ताधाऱ्यांना सर्वप्रथम काय हवेसे वाटते, हे त्या विधेयकावरून कळते.

निकालानंतर २९ जुलै २०२४ रोजी जो बायडेन यांनी हे संरक्षण रद्द करणाऱ्या घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मांडला. तिला दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश बहुमत आणि ३८ राज्यांची संमती लागते, त्यामुळे ती पुढे सरकली नाही. सिनेटमधील बहुमताचे तत्कालीन नेते चक शूमर यांनी हे संरक्षण काढून घेण्यासाठी आणलेल्या ‘नो किंग्ज’ विधेयकाचेही कायद्यात रूपांतर झाले नाही. स्मिथ यांनी २७ ऑगस्टला निकालाच्या चौकटीत बसणारे नवे आरोपपत्र दाखल केले, पण नोव्हेंबरमध्ये ट्रम्प पुन्हा निवडून आले आणि १९७३ चे तेच जुने टिपण पुन्हा आडवे आले. २५ नोव्हेंबरला चुटकन यांनी सरकारी पक्षाच्या विनंतीवरून खटला काढून टाकला. निवडणूक जिंकली नसती तर ट्रम्प यांना दोषी ठरवण्यास पुरेसा पुरावा होता, असे स्मिथ यांनी जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नोंदवले. त्याच महिन्यात, २० जानेवारीला, पदग्रहणानंतर काही तासांतच ट्रम्प यांनी कॅपिटॉल हल्ल्यातील सुमारे दीड हजार जणांना माफी दिली. माफीचा हा अधिकार संपूर्ण संरक्षणाच्या वर्गात मोडतो. जॉन सॉअर आज सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणारे सॉलिसिटर जनरल आहेत.

चुटकन यांनी खटला काढून टाकताना तो पुन्हा दाखल करण्याचा मार्ग तत्त्वतः मोकळा ठेवला आहे. तथापि ६ जानेवारीच्या कोणत्या कृती अधिकृत होत्या आणि कोणत्या खासगी, हे ठरवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने ज्या सुनावणीसाठी प्रकरण खाली पाठवले होते, त्या सुनावणीत निर्णय कधी झालाच नाही. राष्ट्राध्यक्षाला संरक्षण आहे हे आता ठरले आहे. ते कोठे संपते, हे अद्याप कोणत्याही न्यायालयाने त्या खटल्यात सांगितलेले नाही.