गिरणी वस्तीतील बालपण (अमेरिकेची दक्षिणेकडील राज्ये)

उत्तर व दक्षिण कॅरोलायनातील छोट्या गावांत १८८० नंतर सूतगिरण्या झपाट्याने वाढल्या. कर्जबाजारी गोरी शेतकरी कुटुंबे पोराबाळांसह तिथे आली. घर, दुकान, चर्च, बहुतेक ठिकाणी शाळाही मालकाचीच. घराचे भाडे खोल्यांवर ठरे, आणि खोलीमागे एक तरी माणूस गिरणीत असावा, अशी मालकाची अपेक्षा असे. बापाच्या एकट्याच्या पगारात भागत नसल्याने हा हिशेब मुलांवर येई. १८८० ते १९१० या काळात दक्षिणेतल्या गिरणी कामगारांपैकी सुमारे चौथा हिस्सा सोळा वर्षांखालचा होता.

मुली साच्यावर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, तुटलेले धागे जोडत. सुताने भरलेल्या बॉबिन (रिळे) काढून रिकाम्या चढवणे, झाडलोट करणे ही मुलग्यांची कामे. धाकटी भावंडे दुपारचे डबे पोचवायला येत आणि तिथेच काम शिकत. छायाचित्रकार लुईस हाइन यांना १९०८ मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या व्हिटनेल येथील गिरणीत सव्वाचार फूट उंचीची एक मुलगी भेटली. रोजी ४८ सेंट, कधी रात्रपाळी. वय विचारल्यावर ती आधी ‘आठवत नाही’ म्हणाली. मग हळूच, कामाला लागण्याइतकी मोठी नाही, तरी करते, असे तिने सांगितले.

गावातली दुकानदार-वकिलांची मुले या मुलांना केसांतल्या कापसाच्या तुसांवरून ‘लिंटहेड’ म्हणून हिणवत. वर्गभेद जेवणातही होता. मक्याचे पीठ, काकवी आणि खारवलेली डुकराची चरबी एवढ्यावर जगणाऱ्या घरांत पेलाग्रा हा रोग घर करून असे. तो संसर्गाने नव्हे, निकस आहाराने होतो आणि मिळकत घटते तसा वाढतो, हे सरकारी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१६ पासून दक्षिण कॅरोलायनातल्या गिरणी वस्त्यांत घरोघर पाहणी करून दाखवले.

तरी या उतरंडीची शेवटची पायरी ही मुले नव्हती. कृष्णवर्णीयांना गिरणीत अंगणातली हमाली किंवा कापसाच्या गाठी फोडण्यापलीकडे सहसा काम नसे; दक्षिण कॅरोलायनाने १९१५ मध्ये दोन्ही वर्णांच्या कामगारांना एका खोलीत काम करण्यास कायद्यानेच बंदी केली. कित्येक गोऱ्या गिरणी कुटुंबांत आई कामावर असताना मुले कृष्णवर्णीय बाई सांभाळी. तिची स्वतःची मुले कुठे असत, हे या इतिहासात क्वचितच सापडते.

बालकामगारविरोधी चळवळीला पालकांचा पाठिंबा होताच असे नाही. ‘तुम्हाला मुले वाढवता येत नाहीत’ हा सुधारकांचा सूर त्यांना झोंबे, आणि मजुरीही बुडे. बालमजुरीला आळा घालणारा १९१६ चा केंद्रीय कायदा १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तो शार्लटच्या डॅगनहार्ट नावाच्या गिरणी कामगाराने आपल्या दोन मुलांच्या वतीने लढवलेल्या खटल्यात. खटल्यामागे अर्थात मालकांची संघटना होती. कामासाठी किमान सोळा वर्षे वयाची अट देशभर लागू झाली ती १९३८ च्या कायद्याने. पुढे कंपन्यांनी घरे कामगारांनाच विकायला काढली. कृष्णवर्णीय मात्र साच्यांवर मोठ्या संख्येने आले ते १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतरच.