महाबळेश्वरचे हिमकण

महाबळेश्वरचे हिमकण : सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येथे डिसेंबर ते फेब्रुवारीदरम्यान एखाद्या कडाक्याच्या पहाटे वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात दिसणारा गोठलेल्या दवाचा पांढरा थर. ‘महाबळेश्वरात बर्फ पडला’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात आभाळातून काहीच पडत नाही. हवेतले बाष्प गार पडलेल्या पानांवर आणि पत्र्यावर जागच्या जागी गोठते. हिमवर्षावाला ढग लागतो. हिमकणांना मात्र आभाळ निरभ्र लागते.

बर्फासाठी थंडीबरोबर बाष्प आणि ते वर ढकलणारे काहीतरी, उदाहरणार्थ डोंगर, हवे. सायबेरियाची कोरडी हवा हिवाळ्यात जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलते, होन्शूच्या डोंगरांवर चढताना निवते आणि पश्चिम उतारांवर प्रचंड बर्फ टाकते. पलीकडचे टोकियो बहुधा कोरडे राहते. उत्तर अमेरिकेतील ईरी, ऑन्टॅरिओ या सरोवरांच्या वाऱ्याखालच्या काठांवर असेच घडते, पण सरोवर गोठले की बाष्प तुटते आणि बर्फही ओसरतो. सह्याद्रीत हीच यंत्रणा पावसाळ्यात चालते. अरबी समुद्रावरून आलेले वारे घाटमाथ्यावर चढतात, महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमी.हून अधिक पाऊस देतात. जेमतेम २० किमी.वरच्या पाचगणीत तो निम्म्याहून कमी होतो आणि माण तालुक्याच्या वाट्याला दुष्काळ येतो. हिवाळ्यात वारा उलटा, जमिनीवरून येतो. डोंगर तोच, पण हवेत बाष्प तुटपुंजे.

पश्चिमी विक्षोभ (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेच्या प्रणाली) हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकले की उत्तरेचे गार वारे महाराष्ट्रापर्यंत उतरतात. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७० मी. दर किलोमीटर उंचीला तापमान सरासरी ६.५° से. घटते, म्हणून सुरुवातच खालच्या गावांपेक्षा गार. कोयनेचा शिवसागर जलाशय वेण्णेच्या कितीतरी पट मोठा, पण पूर्ण भरल्यावरही त्याची पातळी सुमारे ६५९ मी.च, तेथे हा देखावा नसतो.

तरीही हिमकण सर्वांत उंच विल्सन पॉइंटवर न दिसता त्याहून सखल असलेल्या तलावाकाठी दिसतात. वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते. तिला टेकलेली हवा जड होऊन पाण्यासारखी उतारावरून ओघळते व खोलगट भागात साचते. गावातल्या वेधशाळेचा पारा शून्याच्या बराच वर असतानाही तलावाकाठचे गवत गोठते, याचे कारण हेच. शिवाय वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर, सावलीच्या पेटीत असतो. काठाला लागणारे बाष्प तलाव पुरवतो, स्वतः मात्र गोठत नाही : वरचे गार झालेले पाणी बुडते, खालचे उबदार पाणी वर येते. बोटींच्या जेटीच्या फळ्या, गाड्यांचे टप, काचा पांढऱ्या होतात आणि शेजारी पाणी वाफाळत असते. ऊन चढताच सारे विरघळते.

पर्यटकांची ही पर्वणी स्ट्रॉबेरीच्या बागायतदाराला परवडत नाही. उमललेल्या फुलाचा मधला भाग गोठून काळा पडतो आणि त्या फुलाला फळ धरत नाही. पाकळ्या मात्र शाबूत राहतात, त्यामुळे नुकसान लगेच ध्यानात येत नाही. ओली जमीन दिवसाची ऊब अधिक धरून ठेवते, म्हणून अशा रात्रीआधी पाणी देणे उपयोगी ठरते. धोक्याची रात्र ओळखायला संध्याकाळचे आभाळ आणि वारा पाहावा : ढग आले किंवा वारा सुटला, तर थंडी कितीही असो, हिमकण सहसा होत नाहीत.