आधी गार करा, मग गाडी काढा

मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळिशीला टेकला, की १०८ या रुग्णवाहिका सेवेला उष्माघाताचे ठरावीक प्रकारचे फोन येऊ लागतात. बांधकामावरचा मजूर बरळायला लागला, अंग भाजतंय, आता कोसळला. गाडी पोचली की जमलेल्यांचा एकच घोषा असतो, ‘लवकर मेडिकलला न्या!’ मेडिकल म्हणजे इथलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. गाडीतले डॉक्टर मात्र रुग्णाला सावलीत घेतात, कपडे सैल करतात आणि पाणी मागतात. बघणाऱ्याला वाटतं, वेळ घालवतायत. खरा उपचार तिथंच सुरू झालेला असतो.

महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात लागतो, म्हणून ‘नेहमीच्या पानठेल्यामागं’ असा पत्ता तिथं कुणाला कळत नाही. चौक, शाळा, देऊळ अशी खूण सांगावी. जवळची गाडी निघते. आत एक डॉक्टर आणि एक चालक असतो, ज्याला या सेवेत ‘पायलट’ म्हणतात.

पोचल्यावर आधी जागा बघायची: लोंबकळती वायर, रस्त्यावरची रहदारी. मग शुद्ध, श्वासमार्ग, श्वास, नाडी. बोटाला टोचून साखर बघणंही आलंच, कारण साखर उतरली तरी माणूस असाच बरळतो. मग तापमान. काखेतला थर्मामीटर बरेचदा कमी दाखवतो, गुदद्वारातला आकडा भरवशाचा. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर आणि भान हरपलेलं, म्हणजे उष्माघात धरूनच चालायचं. घाम आटलेला असलाच पाहिजे असं नाही. उन्हात राबणाऱ्याच्या अंगाला घाम असतानाही उष्माघात होतो, आणि इथंच अनेकदा फसगत होते.

तापाची गोळी इथं निरुपयोगी. तापात मेंदूच शरीराचं तापमान वर ठरवतो आणि पॅरासिटामॉल ते ठरलेलं खाली आणतं. उष्माघातात मेंदूनं काहीच वाढवलेलं नसतं, उष्णता बाहेर टाकणंच कोलमडलेलं असतं.

मग ती बाहेर काढायची कशी? नागपूरकराला हे सांगायला नको, घराघरात कूलर आहे. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. रुग्णाच्या अंगावर पाणी शिंपडून जोरात वारा घालणं म्हणजे तेच. एक ग्रॅम पाणी त्वचेवरून उडताना साधारण ०.५८ किलोकॅलरी नेतं. ७० किलोच्या माणसाचं तापमान एक अंशानं उतरवायला सुमारे ५८ किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे जेमतेम १०० मिलिलिटर पाण्याची वाफ! हिशेब कागदावरचा आहे, कारण शरीर उष्णता बनवतच असतं आणि भोवतालची हवाही तापवते. शिवाय शिंपडलेलं बरंचसं पाणी ओघळून जातं. पण नागपूरची कोरडी हवा इथं मदतीला येते. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओला पृष्ठभाग वाऱ्यानं सुमारे २४ अंशांपर्यंत उतरू शकतो. मुंबईच्या दमट हवेत ही सोय नाही.

म्हणूनच जाड ओलं ब्लँकेट गुंडाळून ठेवू नये, वाफ आतच कोंडते. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघांत ठेवायचा. तिथं मोठ्या रक्तवाहिन्या कातडीजवळ असतात. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पन्हं, लिंबूपाणी काहीही ओतायचं नाही. ते श्वासनलिकेत जातं. सलाईन डॉक्टर लावतील.

अर्ध्या तासात तापमान ३९ च्या आसपास आणायचं हे लक्ष्य. म्हणून गारवा देणं जागेवर सुरू होतं आणि धावत्या गाडीतही चालू राहतं. ३९ च्या खाली येऊ लागलं की हात आवरता घ्यायचा, नाहीतर रुग्ण कुडकुडायला लागतो आणि कुडकुडण्यातून पुन्हा उष्णता तयार होते.

वाटेत पायलट किंवा डॉक्टर रुग्णालयाला कळवतात. मेडिकल असो वा मेयो हे शहरातलं दुसरं सरकारी रुग्णालय, तिथं पोचल्यावर रुग्ण सोपवताना दोन नोंदी फार मोलाच्या: पहिलं मोजलेलं तापमान आणि गार करायला सुरुवात झाली ती वेळ. यकृत, मूत्रपिंड आणि स्नायूंना झालेली इजा रक्ताच्या तपासणीत दिसायला एक-दोन दिवस लागू शकतात. रुग्ण गाडीतच शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरी त्याला दाखल करून घेतात ते यासाठीच.