मंगळाची कक्षा आणि ६८७ दिवसांची युक्ती

शाळेच्या पुस्तकातली चित्रं बघून आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की ग्रह लांबुळक्या अंडाकृती रस्त्याने फिरतात. अहो, मंगळाची कक्षा १० सेंटीमीटर लांब काढली तर रुंदी अर्धा मिलिमीटरसुद्धा कमी भरत नाही, पेन्सिलच्या रेघेतच फरक गडप! सूर्य तेवढा मधोमध नसतो, पावणेपाच मिलिमीटर बाजूला असतो. मग दुर्बीण नसताना जर्मन खगोलशास्त्रज्ञ केपलरला हे कळलं कसं?

डेटा टायको ब्राहे या डॅनिश खगोलनिरीक्षकाचा. १६०० साली केपलर प्रागला त्याच्याकडे गेला, पुढच्याच वर्षी टायको वारला आणि मंगळाच्या नोंदी केपलरच्या हाती आल्या. पण घोळ असा की आपण जिथून मोजतोय ती पृथ्वीच फिरतेय, मग मंगळ किती हलला आणि आपण किती हललो हे वेगळं काढायचं कसं?

इथे तो जे करतो ना, त्याला तोड नाही. मंगळ ६८७ दिवसांनी फिरून त्याच जागी येतो, पृथ्वीच्या मात्र तेवढ्यात दोन फेऱ्या व्हायला ४३ दिवस कमी पडतात, म्हणजे ती दुसरीकडे असते. मग ६८७ दिवसांच्या अंतराने घेतलेल्या नोंदी निवडायच्या, सूर्य आणि मंगळ हे दोन खुंटे समजायचे, पृथ्वीवरून दोघांच्या दिशा माहीत आहेतच, त्रिकोण सुटला की पृथ्वीची जागा मिळाली. अशा जागा जोडून आधी पृथ्वीची कक्षा काढली आणि मग तोच डाव उलटा टाकला, पृथ्वीच्या दोन जागांवरून मंगळाकडे रेघा मारल्या, त्या छेदतात तिथे मंगळ!

वर्तुळ धरून केलेला हिशोब काही ठिकाणी ८ कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) चुकत होता, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या जेमतेम पाव. दुसऱ्या कुणी चालवून घेतलं असतं, पण टायको एवढा चुकणार नाही म्हणून याने स्वतःचं गणितच मोडीत काढलं. मध्ये खरोखरच अंड्याचा आकारही लावून बघितला, तोही बसेना, शेवटी लंबवर्तुळ बसलं, ते १६०९ साली छापलं.

आणि हो, ज्या मंगळापायी आपल्याकडे अजून चांगली स्थळं परत जातात तो हाच. केपलर स्वतः पैशासाठी पत्रिका करायचा म्हणा, पण कक्षा काढताना त्याने पत्रिका नाही, कोन बघितले.

ग्रहांना फिरवतं कोण, यात मात्र त्याची गाडी अडली. सूर्यातून चुंबकासारखं काहीतरी निघून ग्रहांना ढकलत नेतं असं त्याला वाटायचं, ते कोडं १६८७ साली न्यूटनने सोडवलं.