कॉलबॅकमधला आकडा: आत्ताचा की एकूण?

पायथनमधून फाइल पाठवताना बोटो३ (अ‍ॅमेझॉनच्या एस३ या ऑनलाइन साठवणीसाठीची) आणि पॅरामिको (एसएफटीपी पद्धतीने सर्व्हरवर फाइल पाठवणारी) या दोन्ही लायब्ररी कॉलबॅकमधून, म्हणजे तुम्ही दिलेलं फंक्शन मधूनमधून स्वतः बोलावून, प्रगती कळवतात. दोन्हीकडे आकडा बाइटचाच असतो, पण अर्थ वेगळा. शिवाजी पार्कवर कुणी ‘किती झाले?’ विचारलं, तर एक जण या चेंडूवरच्या धावा सांगेल, दुसरा फलकावरच्या. बोटो३ चेंडूच्या धावा सांगतं, पॅरामिको फलक दाखवतं.

पॅरामिकोचं काम सरळ आहे. एसएफटीपीच्या ‘पुट’मध्ये कॉलबॅकला आतापर्यंत गेलेले बाइट आणि फाइलचा पूर्ण आकार असे दोन आकडे मिळतात. भागाकार केला की टक्के हातात. बोटो३च्या सवयीने इथे बेरीज करत बसलात, तर ३२,७६८ बाइटच्या दहा तुकड्यांनंतर ३,२७,६८० ऐवजी १८,०२,२४० दिसतील. एरर मात्र येणार नाही.

बोटो३मध्ये जास्त सांभाळावं लागतं. तिथे एकच आकडा येतो, मागच्या कॉलनंतर गेलेल्या बाइटचा. बेरीज तुम्ही ठेवायची, एकूण आकारही तुम्हीच आधी काढून ठेवायचा. ८ एमबीपासून पुढच्या फाइलचे तुकडे पडतात आणि काही बदललं नसेल तर एका वेळी १० पर्यंत थ्रेड, म्हणजे समांतर कामं, चालतात. तुमचं फंक्शन त्यातल्या कुठल्याही थ्रेडमधून बोलावलं जातं, म्हणून एका वेळी एकाच थ्रेडला बेरीज बदलू देणारा लॉक बेरजेभोवती हवाच.

त्याहून महत्त्वाची गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात: आकडा वजाही येऊ शकतो. समजा, दादरच्या एखाद्या स्टुडिओतून लग्नाचं फुटेज एस३च्या मुंबई रीजनमध्ये चढतंय आणि मध्येच नेट तुटलं. अडकलेला तुकडा पुन्हा सुरुवातीपासून पाठवावा लागतो, म्हणून आधी मोजलेले बाइट वजा करून परत घेतले जातात. प्रगती दाखवणारा बार मागे जाताना बरा दिसत नाही म्हणून हे वजा आकडे गाळू नका. गाळलेत तर बार शंभराच्या पुढे जाईल. मागे सरकणारा बार निदान खरं सांगतो.

आणि दोन्हीकडे शंभर टक्के म्हणजे फाइल पोचली असं नव्हे. पॅरामिको सर्व्हरच्या उत्तरासाठी न थांबता पुढचा तुकडा पाठवतं आणि शेवटी सर्व्हरवरच्या फाइलचा आकार तपासतं. तो जुळला नाही, तर बार भरल्यावरही एक्सेप्शन येतं. म्हणून ‘अपलोड पूर्ण’ हा संदेश कॉलबॅकमध्ये लिहू नका. पॅरामिकोचं ‘पुट’ किंवा बोटो३चं ‘अपलोड फाइल’ विनातक्रार परतल्यानंतरच्या ओळीवर लिहा.