गंगापूरच्या जाळ्यात रोहू आला कुठून?

दिवाळी सरते, निफाडकडचा पारा घसरायला लागतो आणि नाशिकच्या धरणांवर पहाटेची मासेमारी सुरू असते. होडी म्हणजे बऱ्याचदा थर्माकोलचा तराफा, नाहीतर ट्रकची फुगवलेली ट्यूब. संध्याकाळी उभं टांगलेलं जाळं उजाडताना उचलायचं. रिकाम्या बाटल्या तरंगतात त्यावरून जाळं सापडतं. बोटं गारठून बधिर झालेली असतात, त्यात कल्ल्यात रुतलेला दोरा सोडवायचा.

हे दृश्य परंपरागत वाटतं, पण फार जुनं नाही. धरणांआधी इथली मासेमारी डोहांची होती. उन्हाळ्यात गोदावरी आटली की भोई मंडळी डोहात मरळ, शिंगाळा, वाम धरायची. दारणा धरण १९१६ मध्ये झालं, गंगापूर १९६५ मध्ये. दोन्ही शेतीच्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी. माशांचा विचार कुणी केलेला नव्हता. पाणी मात्र बारमाही झालं.

त्यात सोडायचे मासे बाहेरून आले. रोहू आणि मृगळ मूळचे उत्तरेतल्या मोठ्या नद्यांचे. साचलेल्या पाण्यात ते झकास वाढतात, पण अंडी घालायला त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे बीज, म्हणजे त्यांची इवली पिल्लं, नदीतूनच गोळा करावं लागे, आणि त्यात नको त्या जातीही मिसळून येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्याच मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवलं. देशभर हा दिवस आता मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. माझ्या मते आपल्या धरणांतल्या मासेमारीचा खरा पाया सिमेंटपेक्षा त्या सुईत आहे. मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली हे पिल्लांच्या वाढत्या टप्प्यांचे शब्द मच्छीमार सहकारी संस्थांच्या रोजच्या बोलण्यात आले ते त्यानंतरच.

चिलापीला सुई लागली नाही. १९५२ मध्ये भारतात आणलेला हा मासा पिल्लं तोंडात सांभाळतो आणि साचलेल्या पाण्यातही भराभर प्रजनन करतो. बाजारात भाव कमी, जाळ्यात गर्दी जास्त.

थंडीतल्या या हंगामाला आणखी एक गोष्ट चिकटली आहे. पाण्याच्या समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा. त्याच्या आधारे १५ ऑक्टोबरला गोदावरीवरच्या, खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं असं ठरलं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर नाशिक-नगरच्या धरणांतून ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा वर्तमानपत्रांत द्राक्ष, ऊस आणि मराठवाड्याची तहान यांवर रकाने भरले. होडीवाल्यांना काठ मागे सरकल्यावर जाळी नव्या जागी लावावी लागतात, हे त्यात कुठे आलं नाही. पाण्यावर त्यांचा हक्क नसतोच. ठेका असतो तो फक्त माशांचा.